विश्लेषण : हिमयुगाच्या धुळीत कार्बनवरचा उपाय शोधणं फसवं का आहे?

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९१-९२ च्या सुमारास, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. हैदराबाद, मराठी राज्याचा दक्षिण भाग, गुजरात, मारवाड असा मोठा पट्टा त्यात होरपळला. माणसं इतकी मेली की अंत्यसंस्कार करायलाही मागे कोणी उरलं नाही. हाडं, कवट्या उघड्यावर तशाच पडून राहिल्या. म्हणून इंग्रजी नोंदींत त्याला ‘कवट्यांचा दुष्काळ’ असंही नाव पडलं.

त्या काळाची एक नोंद अशा जागी आहे, जिथे लिहायला कोणी कारकून नव्हता. तिबेटमधल्या शिशापांग्मा शिखराच्या अंगावर दासुओपू नावाची हिमनदी आहे. १९९७ मध्ये लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने तिथे सात हजार मीटरहून अधिक उंचीवर बर्फात ड्रिल मारून तीन गाभे बाहेर काढले. गाभा म्हणजे बर्फाचा लांब दंडगोल, बोअरवेल खोदताना निघावा तसा. त्यातले थर वर्षागणिक मोजत खाली गेल्यावर १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत धूळ आणि क्लोराइड यांचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसलं. मान्सून कमजोर पडला की जमीन कोरडी पडते, वारा जास्त माती उचलतो आणि वर बर्फही कमी पडतो, त्यामुळे आहे त्या बर्फात धूळ दाट होते. २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार, गेल्या हजार वर्षांत दासुओपूने नोंदवलेलं मान्सूनचं याहून मोठं अपयश दुसरं नाही.

बर्फातली धूळ ही जुन्या हवामानाची साक्षीदार आहे, इथवर कुणाचाच वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. कारण या साक्षीदाराचा जबाब वाचून काही जणांनी त्यातून थेट औषधाची चिठ्ठी तयार केली आहे. आज हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर ‘सोपा उपाय’ म्हणून जी कल्पना पुन्हा डोकं वर काढते आहे, तिचं मूळ अंटार्क्टिकाच्या धुळीत आहे. आणि ही कल्पना ज्यांनी समुद्रात जाऊन तपासली, त्यांत गोव्यातली एक संस्था होती. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

धूळ मोजतात कशी?

धुळीचा प्रवास समजायला फार लांब जायला नको. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या दिशेने आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरट थर चढवला होता, तो अनेकांना आठवत असेल. अशीच पण कितीतरी बारीक धूळ वर जाते, दिवसेंदिवस तरंगते आणि ध्रुवावर पडणाऱ्या बर्फासोबत खाली येते. पुढच्या वर्षी तिच्यावर नवा बर्फ पडतो. अंटार्क्टिकाच्या मध्यभागी तापमान उन्हाळ्यातही शून्याच्या बरंच खाली असतं, म्हणून काही वितळत नाही, काही वाहून जात नाही. फाइल बंद.

ही फाइल उघडायची म्हणजे गाभ्यातून चौकोनी कांडी कापायची आणि तिचं एक टोक गरम पट्टीवर ठेवायचं. पट्टीला आतली आणि बाहेरची अशा दोन खाचा असतात. बाहेरचं पाणी ड्रिलच्या तेलाने, हाताळणीने खराब झालेलं असतं, ते फेकून देतात. फक्त आतलं पाणी पुढे यंत्रात जातं. धूळ मोजण्याची एक जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे कूल्टर काउंटर. बारीक छिद्रातून पाणी सोडायचं, त्यातून वीज वाहू द्यायची. कण छिद्रातून गेला की विजेला होणारा अडथळा क्षणभर वाढतो. अडथळा किती वाढला यावरून कणाचा आकार कळतो. तुम्ही रक्ताची सीबीसी टेस्ट केली असेल, तर तांबड्या-पांढऱ्या पेशी मोजायला हेच तत्त्व वापरलं जातं. इंजिनीअरिंगला असताना हे कुणी या उदाहरणाने शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात पोहोचणारे कण साधारण दोन मायक्रॉनचे असतात. आपल्या केसाची जाडी त्याच्या तीसेक पट.

आठ लाख वर्षं आणि पंचवीस पट

अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी नावाची जागा आहे. फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया केंद्र तिथेच आहे. युरोपीय देशांच्या ‘एपिका’ प्रकल्पाने तिथे १९९६ मध्ये खोदायला सुरुवात केली आणि २००४ च्या अखेरीस ३,२०० मीटरहून खोल पोहोचून काम संपवलं. हाती आला ८ लाख वर्षांचा सलग इतिहास. त्यात आठ हिमयुगं येऊन गेली. त्याआधी रशियाच्या व्होस्तोक केंद्रावरच्या गाभ्याने ४ लाख २० हजार वर्षांपर्यंत नेलं होतं.

दोन्हीकडे चित्र एकच. थंडी वाढली की धूळ वाढते, ऊब आली की धूळ जवळपास नाहीशी होते.

किती वाढते? इथे आकडे वाचताना थोडं सावध राहावं लागतं. डोम सीच्या बर्फात आजच्या उबदार काळात किलोमागे साधारण १५ मायक्रोग्रॅम धूळ सापडते आणि शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात ती ८०० च्या आसपास जाते. म्हणजे पन्नास पट. पण हिमयुगात तिथे बर्फच जवळपास निम्मा पडत होता. चहात साखर तेवढीच ठेवून पाणी अर्धं केलं तर चहा दुप्पट गोड लागेल, तसंच हे. बर्फ कमी पडल्याचा हिशेब वजा केला की दरवर्षी खरोखर पडणारी धूळ सुमारे पंचवीस पट भरते. २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासातला हाच आकडा आज मानला जातो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये मोठा आकडा दिसला, तर तो बहुधा पाण्याचा हिशेब न केलेला आहे.

ही धूळ कुठली, याचाही छडा लागला आहे. कणांतल्या स्ट्राँशियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं गुणोत्तर म्हणजे मातीच्या बोटांचे ठसेच. हिमयुगातल्या अंटार्क्टिकाच्या धुळीचे ठसे जुळले ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाशी. ग्रीनलंडच्या धुळीचे ठसे पूर्व आशियाच्या वाळवंटांकडे बोट दाखवतात.

आता खरी गंमत. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पॅटागोनियातल्या हिमनद्यांचा जुना नकाशा आणि अंटार्क्टिकातल्या धुळीचा आलेख शेजारी ठेवला. हिमनद्या पसरून उघड्या मैदानावर संपत होत्या, तेव्हा त्यांनी दळलेलं पीठ पाण्यासोबत मैदानात पसरत होतं, वाळत होतं आणि वारा ते उचलत होता. हिमनद्या थोड्या मागे सरकल्या की त्यांच्या पुढ्यात तळी तयार व्हायची आणि ते पीठ तळ्याच्या तळाशी बसायचं. धूळ बंद. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या काही तळ्यांमुळे हजारो किलोमीटरवरच्या बर्फातला धुळीचा नळ चालू-बंद होत होता. धूळ म्हणजे सरळसोट थर्मामीटर नाही, हे यावरून कळतं. डोम सीच्या नोंदीतही धूळ आणि तापमान यांची जोडी थंड काळातच घट्ट जमते. उबदार काळात ती सुटते.

हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

धूळ नुसती साक्षीदार नाही

धुळीत लोह असतं. आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असूनही सूक्ष्म वनस्पती फारशा वाढत नाहीत, कारण तिथे लोहाचा दुष्काळ आहे. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी या दोन गोष्टी जोडल्या. हिमयुगात धुळीतून लोह मिळालं, समुद्रात शेवाळं फोफावलं, त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला, ते मरून तळाशी गेलं आणि पृथ्वी आणखी थंड झाली. १९९० च्या त्यांच्या शोधनिबंधात व्होस्तोकच्या बर्फातला पुरावा होता. त्याआधी, १९८८ मध्ये वुड्स होल इथल्या एका व्याख्यानात ते थट्टेत म्हणाले होते की अर्धं जहाज भरून लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो.

थट्टा फार लोकांनी मनावर घेतली. मार्टिन १९९३ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रात लोह टाकण्याचा पहिला प्रयोग झाला. पाणी खरंच हिरवं झालं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत असे डझनभर प्रयोग झाले. शेवाळ वाढतं, यावर आता कुणाचं दुमत नाही. प्रश्न एवढाच की ते बुडतं का. पृष्ठभागावरच कुणी खाल्लं आणि श्वासातून सोडलं, तर कार्बन परत हवेत. हिशेब शून्य.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २००९ च्या सुरुवातीला नेमकं हेच तपासायचं ठरवलं. प्रयोगाचं नाव ‘लोहाफेक्स’, त्यातला ‘लोहा’ आपलाच. जहाज ‘पोलारस्टर्न’, निघालं केपटाऊनहून, नेतृत्व वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं. जर्मनीत पर्यावरण संघटनांनी इतका गदारोळ केला की जहाज समुद्रात असतानाच तिथल्या मंत्रालयाने प्रयोग रोखला आणि तज्ज्ञांची मतं घेऊन जानेवारीच्या अखेरीस परवानगी दिली. मग नैर्ऋत्य अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, लोह सोडून ३९ दिवस पाळत ठेवली गेली.

शेवाळ वाढलं. पण बुडालं फारच थोडं. कारण त्या पाण्यात सिलिका संपलेली होती. सिलिकाचं काचेसारखं कवच बांधणारे आणि म्हणून जड होऊन बुडणारे डायटम तिथे वाढूच शकले नाहीत. जे मऊ शेवाळ वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी खाल्लं आणि त्यांना अँफिपॉडनी. समुद्राची मेजवानी झाली, हवेला काही फरक पडला नाही.

निष्पक्षपणे सांगायचं तर उलट निकालही आहे. २००४ मध्ये याच जर्मन संस्थेच्या दुसऱ्या प्रयोगात डायटम फुलले आणि वाढलेल्या शेवाळापैकी निदान निम्मं हजार मीटरच्या खाली गेलं. म्हणजे उपाय कधी चालतो, कधी चालत नाही. पाण्यात आधी काय आहे आणि तिथे भुकेलं कोण आहे, यावर ते ठरतं.

गणित करून पाहू

आता ‘सोपा उपाय’ म्हणणाऱ्यांकडे वळू. २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ जवळपास १०० टन लोह सल्फेट समुद्रात ओतलं गेलं, त्यामागे मासे वाढवण्यासोबत कार्बन क्रेडिट विकण्याचाही विचार होता. त्याआधीच, २००८ मध्ये, समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्याबाबतच्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी संशोधन सोडून इतर कारणांसाठी असं करू नये, असा ठराव केला होता. तो बंधनकारक करणारी दुरुस्ती २०१३ मध्ये मंजूर झाली, पण ती लागू व्हायला लागतील इतक्या देशांनी अजून तिला मान्यता दिलेली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाने या विषयावर पुन्हा संशोधन व्हावं अशी शिफारस केली आणि चर्चा नव्याने सुरू झाली.

संशोधनाला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो बर्फातली धूळ पुरावा म्हणून दाखवून माल विकण्याला. ‘निसर्गाने हेच केलं होतं’ हे वाक्य ऐकायला छान आहे. पण निसर्गाने केलं ते किती आणि किती वेळात, हेही त्याच नोंदींत आहे.

उबदार काळात हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० पीपीएम असायचा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग. हिमयुगाच्या तळाशी तो १८०-१९० पर्यंत उतरायचा. या नव्वदेक पीपीएमच्या घटीत धुळीतल्या लोहाचा वाटा किती? २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्म जिवांचे सांगाडे तपासले गेले. धूळ वाढली तेव्हा दक्षिण महासागराच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात शेवाळ खरोखर वाढलं होतं, मार्टिन यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. पण त्यातून घटलेला कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४० पीपीएम भरला. धूळ अंटार्क्टिकाला अगदी लागून असलेल्या पाण्यावरही पडत होती. तिथे हिमयुगात शेवाळ वाढलं नाही, उलट घटलं.

आता आपला हिशेब. आज हे प्रमाण ४२० च्या वर आहे आणि दरवर्षी सुमारे अडीच पीपीएमने वाढतंय. चाळीस भागिले अडीच, सोळा. पंचवीस पट धूळ, अख्खा महासागर आणि हजारो वर्षं एवढं सगळं खर्चून निसर्गाने जेवढा कार्बन शोषला, तेवढा आपण सोळा वर्षांत परत टाकतो. कॅलक्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होणारं हे गणित क्रेडिट विकणाऱ्यांच्या पत्रकात नसतं.

शिवाय शेवाळ एका जागी वाढलं की ते तिथलं नायट्रेट, फॉस्फेट संपवतं. तेच पाणी पुढे वाहत जिथे जाणार होतं, तिथल्या माशांच्या ताटातलं अन्न आधीच उचललेलं असतं. किनाऱ्यावर मासेमारीवर जगणाऱ्यांना विचारून हे कुणी करणार आहे का?

उलट बाजूने येणारा एक युक्तिवादही इथेच निकालात काढलेला बरा. ‘हवामान तर पूर्वीपासून बदलतच आलंय’ हा फॉरवर्ड प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेलेला असतो. बदलत आलंय, शंभर टक्के. ते आपल्याला कळलं तेच मुळी या धुळीतून आणि बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांतून. पण ८ लाख वर्षांच्या त्या नोंदीत कार्बन डायऑक्साइड एकदाही ३०० पीपीएमच्या फार वर गेलेला नाही. फॉरवर्ड करणारे नोंदीचं पहिलं पान दाखवतात, शेवटचं दाखवत नाहीत.

मला खटकतं ते वेगळंच. लोहाफेक्सवर आपल्या संस्थेने, आपल्या पैशांनी, वादळी समुद्रात दीड महिना घालवला आणि ‘हे इतकं सोपं नाही’ असं उत्तर आणलं. विज्ञानात नकारार्थी उत्तर मिळवायलाही तेवढीच मेहनत लागते. पण आपल्याकडे ‘प्रयोग फसला’ म्हणून बातमी येते आणि विषय संपतो. उद्या लंडन कराराच्या किंवा कार्बन बाजाराच्या टेबलावर समुद्रात लोह टाकण्याचा प्रस्ताव आला, तर स्वतःच्या मोजमापांवर बोलू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. ते बोलणं आपण केलं पाहिजे आणि ठामपणे केलं पाहिजे.

पुढे काय?

जानेवारी २०२५ मध्ये डोम सीपासून जवळच ‘बियाँड एपिका’ प्रकल्पाचं ड्रिल २,८०० मीटरवर खडकाला टेकलं. या बर्फात किमान १२ लाख वर्षांचा इतिहास आहे. साधारण ९ ते १२ लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचा ताल बदलला. आधी दर ४० हजार वर्षांनी येणारी हिमयुगं नंतर लाखभर वर्षांच्या अंतराने येऊ लागली. त्यात धूळ आणि लोहाचा हात होता का, हे त्या बर्फाच्या कांड्या वितळवून तपासलं जाईल.

आपल्या बाजूच्या बर्फाची गोष्ट मात्र घाईची आहे. मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधाता पर्वतावरच्या नायमोनान्यी हिमनदीतून २००६ मध्ये गाभे काढले गेले. हिमालयातल्या गाभ्यात एक खूण हमखास शोधतात, १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा किरणोत्सारी थर. दासुओपूत तो सापडला होता. नायमोनान्यीत सापडलाच नाही. म्हणजे निदान १९५० पासूनचा बर्फ वितळून गेला होता आणि त्याबरोबर त्या वर्षांची धूळही. १९७२ च्या दुष्काळाचं पान तिथे शोधायला जाल, तर ते फाटलेलं आहे. दासुओपूचे काही गाभे तेवढे अमेरिकेत, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या शीतगृहात ठेवलेले आहेत.